मासा कुठला आणि मासा कसला

मालवण तालुक्यातल्या तोंडवली-तळाशीलला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा आहे. अशा किनाऱ्यांवर रापणीला लागलेला बांगडा, तारली आधी गावात विकली जाते, मग तालुक्याच्या बाजारात. सिंधुदुर्गातली बरीच मासळी मात्र पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जाते. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगिजांची हद्द होती. पुढे मासे विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला ती फारशी जाणवेनाशी झाली. २०१८ साली ती पुन्हा जाणवली, कारण आमच्या किनाऱ्यावरचा मासा गोव्यात 'बाहेरचा' ठरला.

त्या वर्षी जूनमध्ये केरळच्या अन्नसुरक्षा विभागाने 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत परराज्यांतून आलेली हजारो किलो मासळी पकडली. तिच्यात फॉर्मेलिन सापडलं. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. प्रेतं आणि प्रयोगशाळेतले नमुने टिकवायला ते वापरतात. १२ जुलैला गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक बाजारात तपासणी केली. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन दिसलं आणि त्याच दिवशी ते 'मर्यादेत' असल्याचंही सांगण्यात आलं. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. मासा टिकवायला फॉर्मेलिन वापरायची कायद्याने परवानगीच नाही, मग मर्यादा कसली? १८ जुलैला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी बाहेरच्या मासळीवर पंधरवड्याची बंदी घातली. पुढे नोव्हेंबरमध्ये नोंदणी आणि थंडावा टिकवणाऱ्या बंदिस्त गाड्यांची सक्ती झाली. सिंधुदुर्गातून आणि कारवारहून निघालेल्या मासळीच्या गाड्या सीमेवरून परत फिरू लागल्या.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. समुद्री माशाच्या अंगात मुळातच एक संयुग असतं आणि मासा मेल्यावर त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होतं. बोंबलासारख्या माशात ते जास्त होतं. त्यामुळे नुसतं 'सापडलं' म्हणून भागत नाही. किती सापडलं, कोणत्या माशात, आणि ते मुळातलं की वरून घातलेलं, हे प्रयोगशाळेनेच सांगायचं असतं. ते उत्तर लोकांपर्यंत नीट पोचलं नाही, आणि त्याची जागा नाक्याने घेतली.

आता तीस वर्षं मागे जाऊ. तेव्हाही परक्या मालाबद्दल असाच प्रश्न आला होता, फक्त विचारणारे आपण होतो. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि किरणोत्सारी धूळ युरोपभर पसरली. ती गवतावर पडली, गवतातून जनावरांत गेली. सिझियम-१३७ निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात. ब्रिटनमधल्या काही मेंढ्यांवरची बंधनं तर २०१२ मध्ये उठली. त्याच काळात 'ऑपरेशन फ्लड'साठी युरोपीय आर्थिक समुदायाकडून मदत म्हणून आलेलं सुमारे २०० टन आयरिश लोणी मुंबईत उतरलं. ते बाजारात येऊ देऊ नका, अशी मागणी करत काही मुंबईकर उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेली, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यापुढे प्रश्न नेमका ठेवला: अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये ठरवलेल्या मर्यादेतले दुग्धपदार्थ माणसाने खायला सुरक्षित आहेत का? समितीने 'होय' म्हटलं आणि १९८८ मध्ये न्यायालयाने याचिका निकाली काढली. तो निकाल सगळ्यांना पटला असेल असं नाही. पण लोणी आयर्लंडचं आहे म्हणून ते वाईट ठरलं नाही, आणि मदतीचं आहे म्हणून चांगलंही ठरलं नाही. त्यात काय आहे, किती आहे, हे मोजून ठरलं. विचारणाऱ्यांना कुणी वेड्यात काढलं नाही, त्यांच्या भीतीला आकड्यांत उत्तर मिळालं.

२०१८ मध्ये नेमकं हेच हुकलं. रसायनाची गरज कुणाला पडते? ज्याचा मासा दोन-तीन दिवसांचा प्रवास करून येतो त्याला. सकाळी रापणीतून निघून काही तासांत बाजारात पोचणाऱ्या बांगड्याला बर्फ पुरतो. म्हणजे ज्याच्यावर संशयाचं कारण सगळ्यात कमी, तोही नाक्यावर अडला. बंदिस्त गाडीचा नियम वाईट नव्हता. पण मोठा व्यापारी ती गाडी घेऊ शकतो. दोन-चार पाट्या भाड्याच्या टेम्पोत टाकणारा रापणकर किंवा दालदी कुटुंबातला विक्रेता ती कुठून आणणार? सिंधुदुर्गातून निषेध झाला, आणि दोन्ही राज्यांतल्या पुढाऱ्यांची भाषा लवकरच माशावरून अस्मितेवर गेली. फॉर्मेलिन कुणी आणि कुठे घातलं, हा मूळ प्रश्न त्या आवाजात मागे पडला.

यात आपल्यासाठीही, म्हणजे मुसलमान खाणाऱ्यांसाठी, एक गोष्ट आहे. मटण घेताना आपण दहा प्रश्न विचारतो. मासळी घेताना एकही विचारत नाही, कारण माशाला जबिहा लागत नाही. पण कुरआनात अन्नाबद्दल 'हलाल'च्या जोडीने 'तय्यब' हा शब्द येतो: चांगलं, शुद्ध, अपाय न करणारं. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला विचारलं. तो विक्रेता कुठल्या गावचा, हे त्यांनी विचारल्याचा उल्लेख त्या प्रसंगात नाही.

गोव्यातल्या गिऱ्हाइकाने मासा तपासून मागावा, मालवणातल्यानेही मागावा. तालुक्याच्या बाजारात चाचणीची सोय असावी आणि तिचा निकाल मराठीत, कोंकणीत फळ्यावर लिहिलेला असावा. मग तोंडवलीच्या बांगड्याला आपण परके नाही हे सिद्ध करावं लागणार नाही. तो ताजा आहे, एवढं दाखवलं की पुरे.