चिंध्यांची बखर

दिवाळीची शेवटची पणती विझते न विझते, तोच पहाटेच्या वाऱ्याला धार चढते आणि माळ्यावरच्या बोचक्यातून गोधड्या खाली येतात. राजांच्या लढायांच्या बखरी आपल्याकडे आहेत. परंतु ज्या पांघरुणाखाली महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या निजला, त्याची बखर कोणी लिहिली नाही. असे का झाले, याचे उत्तर गोधडीच्या घडणीतच सापडते.

संस्कृतात तिचे नाव कंथा. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातला विरक्त कंथाच पांघरतो. मगधातली बांधाबांधांची शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला तशाच तुकड्यांचे चीवर करावयास सांगितले, अशी कथा बौद्ध विनयग्रंथात आहे. आपल्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत. विरक्ताच्या अंगावरची चिंधी आपण अशी पूज्य मानली. तीच चिंधी एखाद्या आईने लेकरासाठी जोडली, तेव्हा मात्र तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

वास्तविक त्या जोडण्यात केवढे शास्त्र आहे! नऊवारी लुगड्याचा पन्हा सुमारे सव्वा वार. त्याचे सव्वादोन वारांचे चार भाग एकावर एक अंथरले, की एका माणसापुरते चार थर होतात. आत विरलेली धोतरे, बाहेर त्यातल्या त्यात धडसे लुगडे. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके. मग झिजल्या जागी ठिगळ; त्याच्या कडा आत दुमडून बारीक तुरपाई. नंतर अंगभर धावदोरा, ओळीला ओळ लागून. शेवटी चारी बाजूंना गोट. धावदोरा म्हणजे शिवणातला सर्वांत साधा टाका, मुलींना पहिल्या दिवशी शिकवतात तो. पण सारा भार वाहतो तोच. तो थरांना धरून ठेवतो आणि थरांमध्ये हवा कोंडली जाते. गोधडीची ऊब म्हणजे ही कोंडलेली हवाच. शिवाय टाके दाट असल्यामुळे एखादा दोरा तुटला, तरी सारी गोधडी उसवत नाही.

ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नव्हे. सिसिली बेटावर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवलेल्या एका रजईवर ट्रिस्टन नावाच्या वीराची कथा आहे. आकृतींच्या कडा टाक्यांनी बांधून त्यांत कापूस भरलेला, त्यामुळे चित्रे उठून दिसतात. तिचे भाग आज लंडन आणि फ्लॉरेन्स येथील संग्रहालयांत आहेत. बंगालमधल्या सातगावच्या, पिवळ्या टसर रेशमाने भरलेल्या रजया सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी युरोपात नेल्या. त्यांचेही नमुने तेथे जपले आहेत.

त्या टिकल्या, कारण त्या श्रीमंतांच्या होत्या आणि बेताने वापरल्या गेल्या. आपली गोधडी फाटली, की दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते; तिथून बाळाचे दुपटे, मग पायपुसणे, शेवटी पोतेरे. उपयोगी पडता पडताच ती संपते आणि तिचा पुरावाही तिच्याबरोबर संपतो.

तरी काही खुणा उरतात. उत्तर कानडा जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. पुष्कळांचे गोव्यातून पळून आलेले. त्यांच्या बायका कवंदी शिवताना कडेपासून आरंभ करून फिरत फिरत मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून त्यांना कवंदी पुरी झाली असे वाटत नाही. पोटाला पुरेसे नसतानाही कोपऱ्याला फूल हवेच, हा हट्ट कोणत्याही बखरीइतकाच बोलका आहे.

आता लुगडी कृत्रिम धाग्यांची झाली. त्यांचे थर निसरडे, घामही टिपत नाहीत. बचतगटांच्या गोधड्या दुकानांत मिळतात आणि त्या चांगल्याही असतात. मात्र त्यांतला तुकडा आपल्या घरातल्या कोणाचा नसतो. म्हणून यंदा गोधड्या उन्हात घालाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवा. हा हिरवा काठ कोणाच्या लग्नातला, ही चौकड कोणाच्या सदऱ्याची, हे तिला विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. गोधडी विरेल, विरणारच. पण तिची बखर तेवढी उरेल.