मोडी, चौथा बाइट आणि मामांची वही

मंडळी, गेल्या शनिवारी एका जुन्या लिपीने माझी चांगलीच जिरवली!

तर झालं असं. आमच्या मामांना इतिहासाचा भारी नाद. कोल्हापूर पुराभिलेखागारातले संस्थानकाळाचे मोडी कागद वाचून ते गावांची नावं वहीत उतरवतात. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, कागद मात्र इथेच आहेत. "नावं मोडीतच काँप्युटरवर घ्यायचीत रे," मामा म्हणाले. माझ्या व्हर्च्युअल मशीनवर जुनं मायएसक्यूएल ५.५ होतं. म्हटलं, चालतंय की! मामांनी दिवसभर बसून दोनशे नावं टाकली. संध्याकाळी बघतो तर नावाचा रकाना कोरा. एरर? एकही नाही.

कारण जुनं आहे. मायएसक्यूएल ४.१ (२००४) मध्ये 'यूटीएफ-८' आलं, पण एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट. देवनागरी तीनात बसते, म्हणून आपल्याला कधी टोचलं नाही. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, आणि तिला लागतात चार. कडक तपासणी बंद असेल तर डेटाबेस त्या अक्षरापासून पुढचं सगळं गुपचूप कापतो.

चार बाइटांचा 'एमबी४' संच ५.५ मध्ये होता, पण मुद्दाम मागावा लागायचा. तो लावला. नावं टिकली, पण एक शोधलं की तितक्याच अक्षरांची सगळीच हजर! जुन्या तुलनेच्या नियमांत अशा सगळ्या अक्षरांचं वजन एकच. जपानी मंडळींना याच नियमाने सुशी आणि बिअरची इमोजी सारखीच दिसली होती.

हे दोन्ही आपोआप नीट झालं ते ८.० मध्ये, एप्रिल २०१८ ला. पण ८.० चा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचाच. म्हणून दीर्घ मुदतीची ८.४ (२०२४) निवडली, मशीनची रॅम वाढवली आणि आधी स्नॅपशॉट घेतला.

व्हर्जन निवडताना आपण वेग बघतो, रॅम बघतो. आपली अक्षरं त्यात मावतात का, हे कोण बघतं?

वही होती म्हणून वाचलो. मामा पुन्हा पहिल्या नावापासून बसलेत. या खेपेला शेजारी मीही.