दुसऱ्यांदा अकरा वर्षांचा होताना

जपानमध्ये २१ फेब्रुवारी २०२० रोजी 'डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर : लास्ट एव्होल्यूशन किझुना' हा चित्रपट प्रदर्शित झाला. वीस वर्षांपूर्वी लहान मुले असलेले त्याचे नायक आता विशीत पोहोचले होते, आणि मूल मोठे झाले की त्याचा अद्‌भुत सोबती त्याला सोडून जातो, अशी त्याची कथा होती. त्यानंतर अवघ्या ४४ दिवसांनी, ५ एप्रिल २०२० रोजी, त्याच नायकाची नवी मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्यात तो पुन्हा प्राथमिक शाळेतला मुलगा होता आणि आपल्या सोबत्याला पहिल्यांदाच भेटत होता. एकाच संस्थेने जुन्या प्रेक्षकाला निरोप दिला आणि जवळजवळ त्याच श्वासात नव्या प्रेक्षकाला हाक मारली. बालसाहित्याच्या इतिहासात असा योग क्वचितच येत असेल.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाने या गोष्टीत का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. एक कारण उघड आहे. २००० साली 'आर.टी.एल. टू' या वाहिनीवर ही मालिका आली, तेव्हा शाळेतून घाईघाईने घरी येऊन दूरचित्रवाणीपुढे बसणारी मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांत आपल्या घरची मुलेही होती. दुसरे कारण असे की, एका पिढीची गोष्ट दुसऱ्या पिढीला कशी द्यावी, हा परदेशी स्थायिक झालेल्या प्रत्येक घरापुढचा प्रश्न आहे.

जपानी चित्रमालिका जर्मनीला काही नव्या नव्हत्या. झेड.डी.एफ. या सार्वजनिक वाहिनीने १९७४ मध्ये 'विकी', १९७६ मध्ये 'बीने माया' आणि १९७७ मध्ये 'हायडी' दाखवली. तिन्ही मूळ गोष्टी युरोपातल्या, पण चित्रे जपानी कलावंतांच्या हातची. 'हायडी'चे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता होते आणि दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी यांची होती. माया मधमाशी तर जर्मन लेखक वाल्डेमार बोन्सेल्स यांच्या १९१२ च्या पुस्तकातली, आणि तिचे जर्मन शीर्षकगीत चेक गायक कारेल गोट यांनी गायलेले. त्यामुळे हे सारे जपानमधून आले आहे असे इथल्या कित्येक प्रेक्षकांच्या मनातही आले नाही.

१९९९ मध्ये 'पोकेमॉन' आणि पाठोपाठ 'डिजिमॉन' आले ते मात्र परके म्हणूनच. जपानी नावे, विचित्र प्राणी, प्रत्येक भागात मारामारी आणि दुकानांत त्यांच्या खेळण्यांची रांग. जर्मन शेजाऱ्यांप्रमाणे आपल्यातल्याही अनेक पालकांनी 'हे सगळे खेळणी खपवण्यासाठी' म्हणून नाक मुरडले.

या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. 'डिजिमॉन'चा जन्मच मुळी खेळण्यातून झाला. बांदाई कंपनीने १९९६ च्या अखेरीस 'तामागोची' काढले. खिशात मावणाऱ्या त्या यंत्रातल्या पिल्लाला वेळच्या वेळी खाऊ घालावे लागे आणि त्याची घाणही काढावी लागे. जून १९९७ मध्ये त्याच कंपनीने मुलग्यांना डोळ्यांपुढे ठेवून 'डिजिटल मॉन्स्टर' आणले. यातले पिल्लू पोसून मोठे करायचे आणि दोन यंत्रे जोडून मित्राच्या पिल्लाशी लढवायचे. तोएई अ‍ॅनिमेशनने त्यावरून केलेली ५४ भागांची मालिका मार्च १९९९ ते मार्च २००० या काळात जपानमध्ये चालली. दिग्दर्शक होते हिरोयुकी काकुदो.

खेळण्याच्या जाहिरातीतून गोष्ट कशी उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १९९९ रोजी उन्हाळी शिबिरात आलेली सात मुले एका संगणकी जगात ओढली जातात. तिथे प्रत्येकाची वाट पाहत एक प्राणी थांबलेला असतो. म्होरक्या ताइची याचा सोबती आगुमॉन. (जर्मन आवृत्तीत ताइचीचे नाव आखडून 'टाय' झाले. रोमन लिपीत लिहिलेले ते नाव मराठी डोळ्यांना सरळ 'ताई' असे दिसते, हा आपल्या घरांतला खास विनोद!) मुलावर संकट आले की हा प्राणी रूप बदलून बलाढ्य होतो. या रूपांतरासाठी जर्मन अनुवादकांनी 'डिजिटीरेन' असे क्रियापदच घडवले आणि इथल्या मुलांच्या तोंडी ते सहज बसले.

पण खरी गोष्ट त्या मुलांच्या घरांची होती. यामातो आणि ताकेरू हे सख्खे भाऊ, पण आईवडील विभक्त झाल्याने एक बापाकडे आणि दुसरा आईकडे. कोशिरो आपण दत्तक आहोत हे चोरून ऐकतो आणि मनातले दुःख लपवायला संगणकात डोके खुपसतो. सोराला वाटते की आईचे आपल्यावर प्रेम नाही. आणि ज्यो सदा परीक्षेच्या धास्तीत, कारण त्याने डॉक्टर व्हावे अशी घरची अपेक्षा. हा ज्यो जपानी आहे म्हणून. एरवी तो आपल्या मंडळाच्या कोणत्याही कुटुंबात शोभला असता.

मालिकेचा सोळावा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या सोबत्याने आता पुढची पायरी गाठलीच पाहिजे, या हट्टाने ताइची त्याला पोट फुटेस्तोवर खाऊ घालतो आणि शेवटी त्याचे रूप बदलावे म्हणून मुद्दाम स्वतःला संकटात लोटतो. रूप बदलते खरे, पण निघतो एक हाडांचा सापळा. तो मित्र-शत्रू न ओळखता समोर येईल त्याचा नाश करतो. शक्ती संपल्यावर बिचारा सोबती तान्ह्या पिल्लाच्या रूपात परततो आणि वर तोच माफी मागतो. ढकलून कोणी मोठे होत नाही, हे बालमानसशास्त्राच्या जाड ग्रंथांतून सांगावे लागते. ते इथे वीस-बावीस मिनिटांत दहा वर्षांच्या मुलाला कळते, आणि शेजारी बसलेल्या बापालाही.

पुढे ही मुले प्रेक्षकांबरोबर वाढत गेली. दुसऱ्या मालिकेच्या शेवटी, मार्च २००१ मध्ये, ती थेट २०२७ सालातली प्रौढ माणसे म्हणून दिसली. ताइची परराष्ट्र सेवेत आणि ज्यो डॉक्टर, पण डिजिमॉन प्राण्यांचा! २०१५ ते २०१८ दरम्यान आलेल्या 'ट्राय' या सहा चित्रपटांत ती किशोरवयात होती. हे सारे जुन्या प्रेक्षकासाठी होते. आज सात वर्षांच्या मुलाला त्यात शिरायला दार उरले नव्हते.

ते दार उघडण्यासाठी २०२० ची मालिका. मासातो मित्सुका दिग्दर्शित या मालिकेत काळ १९९९ वरून २०२० वर आणला. पहिल्याच भागात संगणकजालातल्या उत्पातामुळे टोकियोची आगगाडी बेफाम सुटते आणि तिच्यात ताइचीची आई आणि बहीण असतात. पूर्वी संगणकाचे जग हे दूरचे बेट होते, आता सारे शहरच त्या जाळ्यावर टांगलेले आहे. हा बदल अचूक आहे. दैवाची थट्टा अशी की, तीन भाग होतात न होतात तोच करोनाच्या साथीमुळे मालिका थांबली आणि जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ६७ भागांनी ती संपली.

आणखी एक निवड मला फार सूचक वाटते. मुलांचे आवाज नव्या कलाकारांना दिले, पण प्राण्यांचे आवाज १९९९ च्याच कलाकारांचे ठेवले. आगुमॉनला पुन्हा चिका साकामोतो यांचाच आवाज होता. मूल नवे, सोबती जुना! आजीने नातवाला गोष्ट सांगावी तसेच हे आहे.

तरीही नव्या मालिकेत काहीतरी हरवले असे माझे मत आहे. चित्रे देखणी आहेत आणि लढाया नेत्रदीपक आहेत. पूर्वी चित्रपटात दिसलेला ओमेगामॉन इथे आरंभीच अवतरतो. मात्र घरांतल्या त्या अवघड गाठींना जागा कमी मिळाली आहे. ताइची फार लवकर शूर होतो, आणि ज्याला चुकायला सवडच नाही त्याला सोबती कशाला लागावा?

जर्मनांच्या लाडक्या मायाचीही अशीच गत झाली. २०१३ मध्ये ती संगणकनिर्मित चित्रांत नव्याने आली तेव्हा तिची कंबर बारीक का केली, यावर वर्तमानपत्रांतून वाद झाला. गाणे आता हेलेने फिशर यांच्या आवाजात होते. मोठ्यांना आपली गुबगुबीत माया परत हवी होती. छोट्यांना मात्र तुलना करायला जुनी माया ठाऊकच नव्हती. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ मध्ये पडद्यावर आला तो अमेय वाघच्या रूपाने, तरुण होऊन. म्हणजे त्या चित्रपटाने जुन्या वाचकाचे बोट धरले. फुरसुंगीचा शाळकरी बनेश आजच्या शाळकरी मुलाला पडद्यावर भेटायचा राहिलाच.

गोष्ट नव्याने सांगताना काय बदलावे आणि काय राखावे, याचे उत्तर मला या तुलनेत सापडते. साल बदलावे, यंत्रे बदलावीत, भाषाही सोपी करावी. राखायचे ते नाते, आणि त्या नात्यातला संकोच, राग, चूक आणि समेट. आपल्या मुलांना आपण मराठी गोष्टी देतो तेव्हा पुष्कळदा याच्या उलट करतो. पैठणी, फेटा, पुरणपोळी हा सारा साज जपतो आणि आतल्या माणसांना मात्र आदर्श पुतळे करून टाकतो. पुतळ्याला कोणी सोबती मानत नाही. आपल्या पोरांना श्यामची आई सांगायची तर श्यामचा हट्टीपणा आधी सांगावा. आई त्यांना त्याच्यामागून आपोआप भेटेल.