गिऱ्हाईकाची कल्पना, कारखान्याचा माल

फेब्रुवारी २००७ मध्ये डेल या अमेरिकन संगणक कंपनीने 'आयडियास्टॉर्म' नावाचे संकेतस्थळ उघडले. आमचा माल कसा असावा ते तुम्हीच सांगा, एकमेकांच्या सूचनांना मते द्या, असे तिने गिऱ्हाइकांना आवाहन केले. लिनक्स घातलेले संगणक विका, या मागणीला भराभर मते पडली आणि मे महिन्यात कंपनीने उबुंटू घातलेले संगणक बाजारात आणले. पुढच्या वर्षी स्टारबक्स या कॉफीवाल्यांनी हाच मार्ग धरला. पाच वर्षांत त्यांच्याकडे सुमारे दीड लाख सूचना आल्या आणि त्यांतल्या २७७ अमलात आल्या. हे प्रमाण वाचून कुणी हसेल. पण आपल्याकडच्या कार्यालयांच्या भिंतींवर कुलूप लावून टांगलेल्या सूचनापेट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना २७७ हा आकडा मोठाच वाटेल.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट इंटरनेटची देणगी म्हणून शिकवतात. मला मात्र तिचे मूळ आपल्याच सीमाभागात दिसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी यांत्रिक आरेखनाकडे मोर्चा वळवला. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रनिकेतनात त्यांनी शिकवण्याची नोकरी केली. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा ती सोडली आणि ते बेळगावला भावाकडे आले. भावाच्या जोडीने सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर, असा हा प्रवास.

नांगर तयार झाला तरी घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची आपली रीत आहे. ती मला पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. मोडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात दुरुस्त होई, आणि खांद्यावर टाकून शेतावर नेता येई. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर नवा कुठे मिळणार? तो ओढायला माझी बैलजोडी पुरेल का? एवढा पैसा एकदम कुठून आणू? आमच्या कलबुर्गीकडच्या काळ्या चिकट रानात आणि बीदरच्या तांबड्या मुरमाड माळावर एकच अवजार सारखे चालत नाही, हे इथला कोणताही जुना कुणबी सांगेल. विषाची भीती हे वरचे आवरण होते. आत हे सगळे प्रश्न होते, आणि ते अगदी रास्त होते. ज्या कारखानदाराला ते ऐकू येतात, त्याच्या हातात पुढच्या मालाचा आराखडा आपोआप पडतो.

बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आसरा दिला. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरामागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघू लागला. ही यादी एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वर्षभराच्या अडचणी सांगाव्यात तशी वाटते.

१९२० साली कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, स्वतः व्यंगचित्रकार. सुरुवातीला ते कारखान्याची, मालाची आणि गिऱ्हाइकांची खबर देणारे छोटेखानी पत्रक होते. पण वाचकाशी एकदा बोलणे सुरू झाले की ते नांगरापुरते राहत नाही. घर, आरोग्य, रूढी असे विषय त्यात आले आणि १९२९ च्या सुमारास 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. लोखंडाच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाची तीन मासिके चालवावीत, ही गोष्ट जगात फारशी कुठे घडली नसेल.

गिऱ्हाइकाला थेट कामाला लावण्याचे प्रकारही जुने आहेत. १९३६ साली जपानच्या टोयोडा मंडळींनी आपल्या मोटारींच्या बोधचिन्हासाठी जनतेकडून नक्षा मागवल्या. सुमारे २७ हजार आल्या, आणि त्या खटाटोपात 'टोयोडा'चे 'टोयोटा' झाले. आपल्याकडे २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या 'मायगव्ह'वर स्वच्छ भारत अभियानासाठी बोधचिन्ह मागवले गेले. आज नोटांवर दिसणारा तो गांधीजींचा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा आहे.

आमच्या बीदरमध्ये तर हा व्यवहार समोरासमोर चालतो. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची कोरीव जडण करायची आणि किल्ल्यातल्या मातीने काळी झळाळी आणायची, हे बिदरीचे तंत्र शतकानुशतके तेच आहे. वस्तू मात्र बदलत गेल्या. नवाबी गेली तसे हुक्क्याचे पात्र आणि पानदान मागे पडले आणि फुलदाणी आली. आता किल्ल्या अडकवण्याची कडी, लेखणीचे उभे पात्र, इतकेच काय पेनड्राइव्हचे आवरणही बिदरीत मिळते. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले शाह रशीद अहमद कादरी याच गावचे. या कामात कल्पना गिऱ्हाईक घेऊन येतो आणि हात कारागिराचे असतात. दोघे एकमेकांना ओळखत असल्यामुळे कोणाचे काय, हा वाद उद्भवत नाही.

वाद उद्भवतो तो ओळख तुटली की. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना आपल्या 'पटेल ३' भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि वर्षामागून वर्ष निवडून लावल्या. त्यातून बारीक दाण्याचे, चवीला सरस भात निघाले. व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला दिले, 'एचएमटी'. घड्याळ आमच्या बेंगळूरुचे, हे जाता जाता सांगायला हवे. १९९४ मध्ये त्यांनी सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राला थोडे बियाणे दिले. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. आम्ही ते शुद्ध करून घेतले, असे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्ध करण्याला किंमत आहेच, ते शास्त्राचे काम आहे. पण ज्या बियाण्याला शुद्ध करायचे ते एका माणसाच्या नजरेतून आलेले होते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीतही त्यांचे नाव झळकले. तरी आर्थिक ओढगस्त सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

संकेतस्थळावर सूचना लिहिणाऱ्याचीही स्थिती याहून फार निराळी नसते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की पाठवलेली कल्पना कंपनी फुकट वापरू शकेल. डेन्मार्कच्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीने निराळी रीत ठेवली आहे. एखाद्या नमुन्याला १० हजार लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तो तपासते. बाजारात आणला तर निव्वळ विक्रीचा एक टक्का ज्याने सुचवले त्याला जातो आणि खोक्यात त्याचा परिचयही असतो. एक टक्का म्हणजे फार नाही. पण बारीक अक्षरांपेक्षा बरा.

शेतकऱ्यासाठी आपल्या देशात २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याखाली शेतकऱ्याला स्वतः जोपासलेले वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येते आणि नोंदणीसाठी त्याला शुल्क पडत नाही. आळंद, भालकी, बसवकल्याण, औराद या तालुक्यांतल्या कित्येक घरांत आजोबांनी वेगळी राखलेली तूर किंवा ज्वारी अजून गाडग्यात, कणगीत आहे. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्यातले एखादे खास बियाणे कोणत्या घरातले हे त्या मानांकनात लिहिलेले नसते. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि अर्जाची चौकशी तिथे करता येते. बियाणे दुसऱ्याला देण्याआधी ती केलेली बरी.