नेपाळातील विहार आणि पन्हाळेकाजीची लेणी

रत्नागिरीत बौद्ध धर्माचे नाव निघाले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्रथम थिबा राजवाडा उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा १८८६ साली येथे आला आणि १९१६ साली येथेच वारला. पण त्याच्याबरोबर आलेला धर्म हा समुद्रापलीकडून इंग्रजांच्या पहाऱ्यात आलेला पाहुणा होता. आज मला ज्या बौद्ध धर्माविषयी सांगावयाचे आहे तो आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात शतकानुशतके घर करून होता, आणि त्याचे सख्खे भाऊबंद हिमालयाच्या कुशीत, नेपाळात, अद्याप नांदत आहेत.

हे नाते ध्यानात येण्यास आधी एका गोमंतकीयाच्या पाठोपाठ काठमांडूला जावे लागेल. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथला. घरी नारळीच्या बागा. शाळेतले शिक्षण जेमतेम. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून या तरुणाच्या मनाने जो ध्यास घेतला तो त्याला स्वस्थ बसू देईना. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर करीत काशी गाठली, अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन केले आणि १९०२ साली, बौद्ध धर्म जिवंत पाहावयास मिळेल या आशेने, ते नेपाळात गेले.

त्या काळी नेपाळात जाणे सोपे नव्हते. राणांच्या अमदानीत परक्याला मज्जाव असे. शिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना तेवढी मोकळीक मिळे. तराईचे जंगल ओलांडून भीमफेदी, तेथून चिसापानी गढीचा चढ, मग चंद्रागिरीची खिंड; तेव्हा कोठे खाली काठमांडूचे खोरे दिसे. खोऱ्यात स्वयंभूचा स्तूप टेकडीवर, बौद्धनाथाचा सपाटीवर, आणि दोहोंच्या माथ्यावर चारी दिशांना रोखून पाहणारे रंगविलेले डोळे.

कोसंबी तेथून निराश होऊन परतले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत लिहिली आहे. ज्या बुद्धाचे चरित्र त्यांनी वाचले होते त्याचा धर्म शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा. येथे पाहतात तो तंत्र, मंत्र आणि देवदेवतांची दाटी. ते बुद्धगयेस गेले, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले. त्यांच्या या निराशेचे मराठीवर मोठे उपकार आहेत असे मी म्हणेन, कारण तिच्यातूनच आपणांस त्यांचे पालिग्रंथांचे व्यासंग लाभले. पण तिच्यामुळे दुसरीही एक गोष्ट घडली. पालीतला तेवढा खरा बौद्ध धर्म आणि नेपाळातला तो बिघडलेला, असा निवाडा आपल्या मनात कायमचा बसला. तो निवाडा इतिहासाच्या न्यायालयात टिकत नाही.

पाटण शहराच्या गल्ल्यांतून फिरताना बहाल लागतात. बहाल हे विहाराचेच रूप. मध्ये चौक, चारी बाजूंनी घरे, समोर देवालय. तेथे राहणारे शाक्य आणि वज्राचार्य बायकामुलांचे गृहस्थ आहेत. ब्रह्मचारी भिक्षूंची परंपरा तेथे मल्लराजांच्या काळापर्यंत लोपली. मात्र त्यांचा मुलगा लहान असताना त्याचे मुंडन करतात, चीवर नेसवतात, हाती भिक्षापात्र देतात, आणि चौथ्या दिवशी तो चीवर उतरवून पुन्हा घरचा होतो. आपल्याकडे मुंजीत बटूने भिक्षा मागावी आणि सोडमुंज होऊन संसारास मोकळे व्हावे, तसलाच हा प्रकार. मुंजीला आपण कोणी बिघाड म्हणत नाही!

याच बहालांनी भारतात नष्ट झालेले संस्कृत बौद्ध ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या नकलून जिवंत ठेविले. ब्रायन हॉजसन या इंग्रज वकिलाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या पोथ्या मिळवून कलकत्ता, लंडन व पॅरिस येथे पाठविल्या, तेव्हा जगाला त्यांचा पत्ता लागला. त्यांपैकीच ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ पुढे आपल्या परशुराम लक्ष्मण वैद्यांनी १९६० साली दरभंग्याहून संपादून प्रसिद्ध केली.

याच ग्रंथाची १०१५ साली नेपाळात लिहिलेली एक सचित्र पोथी आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात त्या काळच्या बौद्ध जगातील प्रसिद्ध तीर्थांची व मूर्तींची लहान लहान चित्रे असून खाली स्थळांची नावे आहेत. त्या नावांत कोंकण आहे! कोंकणातल्या लोकनाथाचे चित्र हिमालयातल्या चित्रकाराने काढावे, याचा अर्थ येथील देवस्थानाची कीर्ती तेथवर पोहोचली होती.

मग ते कोंकणचे बौद्ध गेले कोठे? त्याचे काही उत्तर दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे आहे. ही लेणी मधुसूदन नरहर देशपांडे यांनी १९७० नंतर अभ्यासून जगापुढे मांडली. कोसंबी १९४७ सालीच निवर्तले होते. एकूण लेणी एकोणतीस. आरंभीची साधी, स्तूपाची, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. पण दहाव्या-अकराव्या शतकांत येथे वज्रयानी आले, आणि त्यांनी अक्षोभ्याची व महाचंडरोषणाची मूर्ती बसविली. खड्ग आणि पाश धारण करणारा हा उग्र देव महाराष्ट्रात फारच दुर्मिळ. काठमांडूच्या खोऱ्यात मात्र वज्राचार्यांच्या गुप्त पूजेतील प्रमुख देवतांत त्याची गणना आहे. देशपांड्यांनी याचा धागा ओरिसातील रत्नागिरीच्या महाविहाराशी जोडला. ते रत्नागिरी निराळे, एवढे येथे सांगून ठेवलेले बरे. कोसंबींना काठमांडूत जे परके वाटले ते एके काळी त्यांच्याच कोंकणपट्टीचे होते.

पुढे प्रणालक, म्हणजे हेच पन्हाळे, शिलाहारांचे ठाणे झाले. अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य येथून राज्य करी; त्याचा शके १०६१ चा, म्हणजे इ. स. ११३९ चा ताम्रपट येथेच सापडला. लेण्यांत शिव आणि गणपती आले, आणि मागाहून नाथपंथी. गावापासून काहीसे बाजूला असलेल्या गौर लेण्यात नाथांनी चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मूर्ती कोरल्या. हे सिद्ध वज्रयानाचेही आणि नाथपंथाचेही. वज्रयान येथे एका दिवसात बुडाले नाही. ते हळूहळू नाथपंथात मुरले असावे, असे लेण्यांचा क्रम पाहून वाटते.

नेपाळात हेच मुरणे अपुरे राहिले, म्हणून दोन्ही थर आजही वेगळे ओळखू येतात. पाटणचा तांबडा मच्छिंद्रनाथ बौद्धांचा लोकेश्वर आणि हिंदूंचा मत्स्येंद्रनाथ. मूर्ती एकच, पुजारी बौद्ध. वैशाखाच्या सुमारास त्याचा उंच लाकडी रथ निघतो तो दोरखंडांनी ओढावयास दोन्ही धर्मांचे लोक खांद्याला खांदा लावून असतात. पन्हाळेकाजीला रथ नाही. नदी आहे, करवंदीची जाळी आहे, आणि जेथे मंत्र म्हटले जात तेथे पावसाळाभर छतातून पाणी झिरपत असते.