काळ्या तबकड्यांचे संग्राहक

विख्यात नाट्यगायक भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं निवर्तले. पुढल्याच वर्षीं, नोव्हेंबर १९०२ मध्यें, गैसबर्ग नांवाच्या अमेरिकन ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास गौहर जानचें गाणें मेणावर उतरवून घेतलें. तें यंत्र दोन वर्षें आधीं आलें असतें, तर कदाचित् भाऊरावांचा आवाजही आज ऐकूं आला असता! भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते. परंतु त्यांची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाहीं. उलट अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं गेले, तरी त्यांचा सूर अजून कानीं पडतो.

हा सारा फरक एका लाखेच्या तबकडीचा. ती मिनिटाला ७८ फेरे घेई, एका बाजूस सुमारें तीन मिनिटें वाजे, सुईनें झिजे आणि हातांतून निसटली कीं फुटे. पुढें अधिक वेळ वाजणाऱ्या प्लास्टिकच्या तबकड्या निघाल्या व जुन्यांची रवानगी माळ्यावर अथवा मुंबईच्या चोरबाजारांत झाली. तेथून त्या वेंचून आणणारांस लोकांनीं छांदिष्ट म्हटलें. पण तबकडीवर कोरलेल्या क्रमांकांवरून मुद्रणाचा काळ ठरविणें, गायकांच्या याद्या जुळविणें, हें इतिहासकाराचेंच काम होय. अशाच मंडळींनीं १९९० सालीं मुंबईस ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापिली.

बखरींत गायकाची कीर्ति सांपडते, गळा सांपडत नाहीं. माळा झाडतांना एखादी काळी तबकडी हातीं लागली, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावी. कदाचित् त्या आवाजाची ती अखेरची प्रत असेल.