वनस्पतिजन्य आसंजके, काष्ठफलकांसाठी

वनस्पतिजन्य आसंजके, काष्ठफलकांसाठी : प्लायवुड, कणफलक, तंतुफलक इ. लाकडी फलकांतील थर, कण वा तंतू एकमेकांस चिकटविण्यासाठी वनस्पतींपासून मिळणारी जी द्रव्ये वापरतात, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात : (१) टॅपिओकासारख्या कंदांपासून मिळणारा स्टार्च, (२) सोयाबीन व भुईमूग यांच्या पेंडीतील प्रथिने, (३) झाडांच्या सालींतील टॅनिने आणि (४) लिग्निन व काजूच्या टरफलांतील तेल यांसारखी फिनॉलसदृश द्रव्ये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या आसंजकांच्या आधारावर अमेरिकेतील प्लायवुड उद्योग वाढला. उत्तरार्धात ती बव्हंशी मागे पडली आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पुन्हा वापरात आली. या चढउतारांचे मूळ मुख्यत्वे दोन गोष्टींत आहे : पाण्यापुढे टिकाव धरण्याची क्षमता आणि फॉर्माल्डिहाइड.

इतिहास : व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. तो जाड लाकडावर चिकटविण्याची कला प्राचीन ईजिप्तमध्ये अवगत होती. परंतु त्यासाठी कातडी व हाडे यांपासून केलेला सरस वापरीत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे १९०५ साली भरलेल्या प्रदर्शनात पश्चिम किनाऱ्यावरील मऊ लाकडाचे पहिले प्लायवुड मांडण्यात आले. त्यातही प्राणिज सरसच ब्रशाने लावला होता. सरस गरम ठेवावा लागे व तो लवकर थिजे; मोठ्या उत्पादनास तो सोयीचा नव्हता.

स्टार्चाची खळ भारतीयांस परिचित आहे. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तथापि अशी खळ लाकडाला वापरण्यात एक अडचण होती : तिच्यात पाणी फार असल्याने व्हिनिअर फुगून वाकडे होई. पर्किन्स या अमेरिकन संशोधकांनी टॅपिओकाच्या स्टार्चावर प्रक्रिया करून त्याची जलशोषणक्षमता कमी केली. त्यामुळे स्टार्चाच्या सुमारे तिप्पट किंवा त्याहूनही कमी पाण्यात वापरण्याजोगे आसंजक तयार होऊ लागले. त्याचे पेटंट १९१२ साली देण्यात आले. फर्निचरच्या धंद्यात त्याचा प्रसार होताच त्यावरून वाद उद्भवला व तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘हॉलंड फर्निचर कंपनी विरुद्ध पर्किन्स ग्लू कंपनी’ या खटल्यात न्यायालयाने १९२८ मध्ये निर्णय दिला, की प्राणिज सरसासारखे गुण असलेल्या कोणत्याही स्टार्च-आसंजकावर केवळ त्या गुणांच्या आधारे हक्क सांगता येणार नाही. पेटंट कायद्याच्या अभ्यासात हा निर्णय आजही उल्लेखिला जातो.

सोयाबीनचा काळ : स्टार्च-आसंजक स्वस्त होते, पण ओल लागताच त्याचा जोड सुटे. दुधातील केसीन या प्रथिनाचा जोड अधिक टिकाऊ असे. मात्र ते महाग पडे. या दोहोंमधील जागा सोयाबीनने भरून काढली. ओटिस जॉन्सन यांना १९२३ मध्ये सोयाबीनच्या पिठावर आधारलेल्या आसंजकाचे पेटंट मिळाले. सिअॅटल येथील रसायनज्ञ अर्व्हिंग लॉक्स व त्यांचे सहकारी यांनी ते उद्योगात रूढ केले. वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांतील डग्लस फर वृक्षाच्या प्लायवुडासाठी १९३० नंतरच्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर वापरात आले.

तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठात सु. ५०% प्रथिने असतात. प्रथिनांचे रेणू गुंडाळीसारखे घडी होऊन राहतात व लाकडाशी बंध जोडू शकणारे त्यांचे गट आतल्या बाजूस झाकले जातात. दाहक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीने ही घडी उलगडते, ते गट उघडे पडतात व मिश्रण घट्ट, चिकट होते. त्यात चुना घातल्यास कॅल्शियम व प्रथिन यांचे पाण्यात सहसा न विरघळणारे संयुग बनते आणि जोडाची जलरोधकता काही अंशी वाढते. सोडियम सिलिकेटामुळे मिश्रण काही तास वापरण्याजोगे राहते. व्हिनिअर किंचित ओलसर असले तरी हे आसंजक चालते आणि उष्णता न देता केवळ दाबाने जोड पक्का होतो, हे त्याचे मोठे गुण होत. पुढे त्यात कत्तलखान्यातील वाळवलेले रक्त मिसळू लागले. रक्तातील अल्ब्युमीन उष्णतेने साकळते, त्यामुळे गरम दाबयंत्रात जोड लवकर तयार होई. अल्कलीमुळे लाकडावर पडणारे डाग व ओलाव्यात येणारी बुरशी हे दोष मात्र राहिलेच.

संश्लेषित रेझिनांचा वरचष्मा : घराबाहेर ऊनपावसात सोयाबीनचे प्लायवुड थर सुटून निकामी होई. वॉशिंग्टन राज्यातील हार्बर प्लायवुड कंपनीत जेम्स नेव्हिन यांनी १९३४ साली फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनावर आधारलेले जलरोधक आसंजक तयार केले. त्याचा जोड उकळत्या पाण्यातही टिके. दुसऱ्या महायुद्धात नौका, विमाने व तात्पुरती घरे यांसाठी अशा प्लायवुडाची मागणी वाढली. युद्धानंतर घराबाहेरील कामासाठी फिनॉलचे व घरातील कामासाठी यूरिया-फॉर्माल्डिहाइडाचे स्वस्त रेझीन प्रचारात आले. पांढरट रंग व झटपट पक्के होण्याचा गुण यांमुळे कणफलकांचा उद्योग प्रामुख्याने यूरिया-फॉर्माल्डिहाइडावरच वाढला.

खनिज तेलाचे भाव १९७३ साली भडकले आणि फिनॉल महाग झाले, तेव्हा वनस्पतींकडे पुन्हा लक्ष वळले. दक्षिण आफ्रिकेत चामडी कमावण्यासाठी लावलेल्या काळ्या वॉटल वृक्षाच्या सालीतील टॅनिनापासून त्याच दशकात जलरोधक आसंजके व्यापारी प्रमाणावर बनू लागली. टॅनिनाची रचना फिनॉलसारखी असल्याने पाण्यातील टिकाऊपणाचा प्रश्न येथे सुटला. परंतु ते दृढ करण्यासाठी सामान्यतः फॉर्माल्डिहाइडाचीच जोड घ्यावी लागे.

फॉर्माल्डिहाइडाचा प्रश्न : यूरिया-फॉर्माल्डिहाइडाचे बंध उष्णता व आर्द्रता यांमुळे हळूहळू तुटतात व फॉर्माल्डिहाइड वायू वर्षानुवर्षे खोलीतील हवेत मिसळत राहतो. डोळे व घसा यांची आग होणे हा त्याचा तात्काळ परिणाम होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली या वायूची गणना मानवास कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांत केली. पुढच्याच वर्षी ‘कॅटरिना’ या चक्रीवादळाने बेघर झालेल्या अमेरिकन कुटुंबांना चाकांवरची तात्पुरती घरे देण्यात आली. तेथील रहिवाशांच्या तक्रारींनंतर डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ मध्ये अशा ५१९ घरांची तपासणी झाली. त्यांतील हवेच्या दर अब्ज भागांत फॉर्माल्डिहाइडाचे सरासरी ७७ भाग आढळले. हे प्रमाण नेहमीच्या घरांतील प्रमाणापेक्षा बरेच अधिक होते. ज्यांना आसरा म्हणून ही घरे दिली, त्यांनाच त्यांच्या भिंती व कपाटे यांतून निघणारा वायू सोसावा लागला. कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१० च्या कायद्याने फलकांतून बाहेर पडणाऱ्या फॉर्माल्डिहाइडावर मर्यादा घातल्या.

पुनरागमन : ऑरेगन राज्य विद्यापीठातील कायचांग ली यांचे लक्ष समुद्रातील शिंपल्यांकडे गेले. लाटांचा मारा होत असतानाही हे प्राणी प्रथिनयुक्त धाग्यांनी खडकाला घट्ट धरून राहतात. म्हणजे योग्य रचनेचे प्रथिन पाण्यातही चिकटून राहू शकते. त्यांनी सोयाबीनच्या पिठात, कागद भिजल्यावरही फाटू नये म्हणून वापरण्यात येणारे एक रेझीन मिसळले. त्याचे रेणू प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींस जोडतात. कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या कंपनीने आपल्या सजावटी प्लायवुडासाठी २००५ च्या सुमारास हे आसंजक स्वीकारले व २००६ या एका वर्षात त्यामुळे फॉर्माल्डिहाइडयुक्त आसंजकांचा सु. २१,००० टन वापर टळला. या कार्यास २००७ साली अमेरिकेचे हरित रसायनशास्त्राचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मात्र हे आसंजक संपूर्णपणे वनस्पतिजन्य नाही. त्याची जलरोधकता संश्लेषित रेझिनाच्या जोडीवर अवलंबून आहे.

भारत : भारतातील प्लायवुड उद्योगाचा आरंभ चहाच्या पेट्यांपासून झाला. चहाला वास लागू नये म्हणून या पेट्यांच्या आसंजकाची निवड काळजीपूर्वक करावी लागे. देहरादून येथील वन संशोधन संस्थेत डी. नारायणमूर्ती व त्यांचे सहकारी यांनी भुईमुगाच्या पेंडीतील प्रथिने व टॅनिने यांसारख्या देशी द्रव्यांपासून आसंजके करण्याविषयी संशोधन केले. कोकण, गोवा व केरळ येथील काजूप्रक्रियेत उरणाऱ्या टरफलांचे तेल बिब्याप्रमाणे अंगावर उतते. त्यातील कार्डॅनॉल हे द्रव्य फिनॉलच्या कुळातील असल्याने प्लायवुडाच्या रेझिनातील काही फिनॉलऐवजी ते वापरता येते. विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. त्याची पेंड मुख्यतः पशुखाद्यासाठी व निर्यातीसाठी जाते.

फलकांच्या एकूण उत्पादनात आजही फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिनांचाच वाटा मोठा आहे. वनस्पतिजन्य आसंजकांची किंमत, कणांवर फवारण्यास अडचणीचा ठरणारा घट्टपणा आणि घराबाहेरील टिकाऊपणा यांवर संशोधन चालू आहे. रेझीन स्वस्त ठरले, ते त्याच्या वायूने होणाऱ्या अपायाचा खर्च हिशेबात धरला जात नव्हता म्हणून. तो धरला जाऊ लागताच शेतातील पेंडीला कारखान्यात पुन्हा जागा मिळाली. [⟶ आसंजके, प्लायवुड, सोयाबीन].